आधी कारण, मग औषध: दिल्लीत केस गळू लागले तर करायची बारा महिन्यांची कृती

ऑक्टोबरात मला डेंगी झाला आणि जानेवारीत न्हाणीघराची जाळी केसांनी तुंबू लागली. आम्ही तेव्हा दिल्लीच्या द्वारका भागात राहत होतो. इमारतीत ज्याला विचारावं त्याचं उत्तर एकच: "यहाँ का पानी ही खराब है." मी शॉवरला फिल्टर बसवला, तीन तऱ्हेची तेलं आणली, बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या. मेपर्यंत गळती थांबली आणि त्या वेळी हातात होती त्या बाटलीला सगळं श्रेय मिळालं. पुढे एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी फक्त तारखा विचारल्या आणि कोडं सुटलं. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेकांचे आपोआप थांबतात. मी काहीही केलं नसतं तरी मेमध्ये तेच झालं असतं.

त्यानंतर माझा भाचा यूपीएससीच्या तयारीसाठी ओल्ड राजेंद्रनगरला आला. दुसऱ्या वर्षी त्याचं कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकू लागलं. त्यानेही पाण्यालाच दोष दिला, आणि मी माझा अनुभव सांगून "थांबेल रे आपोआप" असा धीर दिला. त्याचं थांबणारं नव्हतं. त्याचे वडील आणि मामा, दोघांचंही टक्कल तिशीच्या आत पडलेलं. माझ्या चुकीच्या सल्ल्याने त्याचं एक वर्ष वाया गेलं.

शहर एकच, तक्रार एकच, पण कारणं अगदी वेगळी. एकाला थांबणं पुरेसं होतं, दुसऱ्याला थांबणं महागात पडलं. म्हणून पुढची कृती औषधापासून नाही, तारखेपासून सुरू होते. मी ती घरच्यांच्या आणि शेजारपाजारच्या अनुभवांतून बांधली आहे आणि डॉक्टरांकडून तपासून घेतली आहे.

हाताशी काय ठेवायचं

एक वही. कॅमेऱ्याचा फोन. रुंद दातांचा कंगवा. मागच्या वर्षभरातले तपासण्यांचे कागद. सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, त्यांत आयुर्वेदिक आणि जिममधली पावडरही आली. सरकारी रुग्णालयात जायचं असेल तर आधार कार्ड. आणि बारा महिन्यांची तयारी, कारण केसांचं घड्याळ महिन्यांनी चालतं.

पायरी १. तारखा लिहा

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो नुसता मुळाशी बसून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा उगवतो. त्यामुळे रोज पन्नास ते शंभर केस गळणं ही तक्रार नाही.

गळती नेहमीपेक्षा जास्त कधी वाटली तो महिना वहीत लिहा. मग तिथून दोन ते चार महिने मागे जा आणि त्या काळात काय घडलं ते आठवा: डेंगी, चिकुनगुन्या, टायफॉइड, कोविड, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार करून उतरवलेलं वजन, घरातलं दुःख, नवी गोळी सुरू झाली किंवा जुनी बंद झाली. दिल्लीत डेंगीचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो, म्हणून इथे डिसेंबर-जानेवारीत गळती घेऊन येणारे पुष्कळ. थंडीला किंवा धुरक्याला दोष देण्याआधी दिवाळीच्या सुमाराचा ताप आठवून पाहा.

त्याच पानावर आई, वडील, दोन्हीकडचे आजोबा, मामा, काका यांच्या केसांची नोंद करा. टक्कल फक्त आजोळकडून येतं हा समज चुकीचा आहे. ते दोन्ही घराण्यांतून येतं.

पायरी २. गळतीचा नमुना ओळखा

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, घरातल्या कुणाला तरी डोकं पाहायला सांगा.

• सगळीकडून सारखे, मूठमूठ केस येत असतील आणि मागे आजारपण असेल, तर बहुधा माझ्यासारखी तात्पुरती गळती. ती साधारण सहा महिन्यांत ओसरते.
• पुरुषांत कपाळाचे कोपरे मागे सरकत असतील किंवा टाळू दिसू लागली असेल, बायकांत भांग रुंद होत असेल, तर बहुधा आनुवंशिक विरळपणा. यात केस गळतातच असं नाही, ते दर नव्या फेरीत बारीक आणि आखूड होत जातात. हा विरळपणा आपोआप थांबत नाही.
• नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा अचानक दिसला तर ती चाई. यात शरीराची संरक्षणयंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते. चट्ट्यात डॉक्टर इंजेक्शन देतात. फार पसरलेल्या चाईसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत जून २०२२ मध्ये मान्यता मिळाली.
• लहान मुलाच्या डोक्यावर खपल्या आणि तुटके केस दिसले तर बुरशी. तिला पोटातून औषध लागतं, शाम्पूने ती जात नाही.
• घट्ट बुचडा किंवा वेणी घालणाऱ्यांच्या कानशिलावरचे केस विरळ होत असतील तर तो ओढीचा ताण. आजपासून केस सैल बांधा.

वेदना, पू, लाली, किंवा कातडी चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी होणं ही धोक्याची खूण आहे. तिथे मूळच मरत असतं, त्यामुळे त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

आणि थोड्या दिवसांत, एकाच घरातल्या अनेकांचे केस जाऊ लागले तर शेगाव आठवा. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत तीन-चार दिवसांत माणसांना टक्कल पडू लागलं. तिथेही पहिला आळ आला तो पाण्यावर, तो पट्टाच खारपाणाचा म्हणून. दिल्लीहून तज्ज्ञांची पथकं गेली. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचं रक्त, लघवी, केस आणि खाण्यातला गहू तपासला, आणि त्यांना सेलेनियमचं प्रमाण प्रचंड वाढलेलं आढळलं. त्यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. सेलेनियम शरीराला अगदी किंचित लागतं. जास्त झालं की केस आणि नखं जातात. 'केसांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत हेच सेलेनियम असतं. दोन-दोन पाकिटं एकदम खाणाऱ्यांनी हे ध्यानात धरावं.

पायरी ३. पहिले चार फोटो काढा

कोरडे, तेल न लावलेले केस. मधोमध भांग. समोरून, वरून, उजवीकडून, डावीकडून, असे चार फोटो. जागा, दिवा आणि अंतर दर वेळी तेच. महिन्यातला एक दिवस ठरवून टाका आणि मधल्या दिवसांत आरशासमोर मोजमाप करू नका. भाचा रोज उशीवरचे केस मोजायचा आणि त्यात त्याचा अभ्यासाचा सकाळचा तास जायचा. महिन्याचा फोटो ठरला आणि ती मोजणी सुटली.

पायरी ४. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा

केसांचा डॉक्टर म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ, म्हणजे एमडी किंवा तत्सम पदवी घेतलेला माणूस. पार्लर किंवा सलॉनमधला 'हेअर एक्सपर्ट' नव्हे. एम्स, त्याच्या समोरचं सफदरजंग, राममनोहर लोहिया, लेडी हार्डिंग, लोकनायक, गुरू तेगबहादूर या सगळ्या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे. एम्सची वेळ केंद्र सरकारच्या 'ओआरएस' संकेतस्थळावर घरबसल्या घेता येते. एम्सने बाह्यरुग्ण कार्डाचे दहा रुपयेही १ नोव्हेंबर २०२२ पासून बंद केले. गर्दी असते, अर्धा दिवस जातो, पण तिथे तुम्हाला पॅकेज विकण्यात कुणाचाच फायदा नसतो. पहिलं निदान तिथे करून घ्यावं, हे मी प्रत्येकाला सांगते.

जाण्याआधी दिवसभर केस धुऊ नका, तेल लावू नका, विरळपणा झाकणारी काळी पावडर भुरभुरवू नका. डॉक्टर पन्नास-साठ केसांची बट बोटांत धरून हलकेच ओढतात. दहा टक्क्यांहून जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे असं समजतात. मग भिंगातून टाळू बघतात. जाड-बारीक केसांची सरमिसळ दिसली तर आनुवंशिक विरळपणाचा संशय पक्का होतो.

रक्ताच्या तपासण्या सगळ्यांनाच लागत नाहीत. बायकांना बहुधा हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइड सांगतात. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तर ते न लाजता सांगा. बायोटिन घेत असाल तर तपासणीच्या किती दिवस आधी बंद करायचं ते विचारा, कारण बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता.

उठण्याआधी तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा: माझ्या गळतीचं नाव काय? ती आपोआप थांबेल का? औषध दिलंत तर कितव्या महिन्यात बघायचं?

पायरी ५. पाण्याचा प्रश्न मिटवा

नोएडात गंगेच्या पाण्यात भूजल मिसळून येतं. गुरुग्राम, ग्रेटर नोएडा, द्वारका या भागांत बोअरवेल आणि टँकर यांच्याशी गाठ पडतेच. या पाण्यातल्या क्षारांनी केस राठ होतो, गुंततो, तुटतो. पण टक्कल पडतं ते मुळापाशी, आणि क्षार तिथवर पोचत नाहीत.

हे घरीच तपासता येतं. गळलेले दहा केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर केस मुळासकट आला. दोन्ही टोकं सारखी असतील तर मधेच तुटला. बहुतेक केस तुटके निघाले तर पाणी, गरम इस्त्री आणि रंग यांकडे बघा: शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या, कंडिशनर लावा, ओल्या केसांत कंगवा घालू नका. ठिपकेवाले निघाले तर फिल्टरवर पैसे घालू नका.

तेलाचंही असंच. मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. केसातली प्रथिनं वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. म्हणजे आजीचं खोबरेल उगवलेल्या केसाला जपतं. नवा केस उगवण्याचं काम मात्र त्याच्याकडे देऊ नका. कोंडा असेल तर तेल चोपडून ठेवू नका, त्याने कोंडा वाढतो. धुरक्याच्या दिवसांत डोकं चिकट वाटलं तर एक दिवसाआड धुवायला हरकत नाही. न्हाताना येणारे केस आधीच सुटलेले असतात.

पायरी ६. ताट बघा

पीजीत राहणाऱ्या मुलामुलींचं ताट म्हणजे सकाळी पराठा, दुपारी राजमा-चावल कधीतरी, रात्री मॅगी. त्यात प्रथिनं कमी पडतात, आणि केस तर जवळजवळ पूर्ण प्रथिनांचाच बनलेला असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज सुमारे पन्नास ग्रॅम. दोन अंडी, वाटीभर डाळ, वाटीभर दही, मूठभर भाजलेले चणे आणि थोडं पनीर यांनी ते गाठता येतं. दिल्लीत कोपऱ्यावर मिळणारा सत्तू स्वस्त आणि चांगला. लोह कमी निघालं तर हिवाळ्यात बथुआ आणि पालक, वर लिंबू, आणि जेवणानंतर तासभर चहा नाही. फेरिटिन फार खाली असेल तर ताट पुरत नाही, डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळीच लागते.

पायरी ७. मिनॉक्सिडिल लावायचं असेल तर असं लावा

हे औषध मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून ते डोक्यावर लावायचं द्रावण झालं, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आनुवंशिक विरळपणात ते उपयोगी पडतं. तात्पुरत्या गळतीत बहुधा त्याची गरज नसते.

• डॉक्टरांनी सांगितलेलीच तीव्रता घ्या. पुरुषांना बहुधा पाच टक्के असते. बायकांचं प्रमाण वेगळं ठरवतात.
• टाळू कोरडी हवी. भांग पाडून एक मिलिलिटर थेट कातडीवर सोडा आणि बोटांनी पसरवा. केसांना चोपडणं म्हणजे औषध वाया घालवणं.
• साधारण चार तास डोकं धुऊ नका. रात्री लावाल तर झोपण्याआधी वाळू द्या, नाहीतर ते उशीला आणि तिथून गालाला लागतं. बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते ती बऱ्याचदा अशी.
• हात धुवा. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशी तिच्यापासून लांब ठेवा. मांजराला हे औषध विषारी आहे.
• एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट लावू नका.
• गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी लावू नये. हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. धडधड, चक्कर, पायांना सूज आली तर बंद करा आणि डॉक्टरांना गाठा.
• औषध बिल घेऊनच विकत घ्या आणि त्यावरची मुदत बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या आठवड्यापासून दोन महिन्यांपर्यंत गळती वाढू शकते. जुने, थकलेले केस नव्यांना जागा करून देतात. भाच्याने इथेच फोन केला होता: "मावशी, हे औषधच केस घालवतंय, मी फेकून देतो." आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी औषध सोडलं ते याच टप्प्यावर.

पायरी ८. गोळीचा निर्णय घाईने घेऊ नका

फिनास्टराइडच्या एक मिलिग्रॅम गोळीला पुरुषांच्या टक्कलासाठी अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. टक्कलाला कारण होणारं डीएचटी हे संप्रेरक ती कमी करते, आणि बऱ्याच पुरुषांत गळती रोखते. पण थोड्या जणांना कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं असा त्रास होतो. मन खिन्न होऊ शकतं. युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. परीक्षेच्या ताणात एकटं राहणाऱ्या मुलाने हे वाचलंच पाहिजे, आणि आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये. गोळी चालू केली तर घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. गरोदर बाईने तुटलेल्या गोळीला हात लावू नये. प्रोस्टेटसाठीची पीएसए तपासणी किंवा रक्तदान करायचं झालं तर गोळी चालू असल्याचं आधी सांगा. मित्राच्या सांगण्यावरून ही गोळी कधीही सुरू करू नका.

पायरी ९. महिन्यांचा हिशेब ठेवा

दुसरा महिना: गळती वाढलेली असू शकते. काहीही बदलू नका.
चौथा महिना: गळती कमी होते. नवे केस मऊ, बारीक दिसतात.
सहावा महिना: पहिले फोटो आणि आजचे शेजारी ठेवा, डॉक्टरांना दाखवा.
बारावा महिना: निकाल. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, त्याआधी खरा फरक दिसत नाही.

पूर्वी होते तेवढेच राहिले, तरी आनुवंशिक विरळपणात ते यश आहे. औषध सोडलं की काही महिन्यांत मिळालेले केस परत जातात, म्हणून हा खर्च आणि ही सवय पुढेही निभावेल का, ते आधी ठरवा. आणि एका वेळी एकच बदल करा. चार गोष्टी एकदम सुरू केल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही. माझी चूक तीच होती.

पायरी १०. सुई आणि शस्त्राआधी थांबा

पीआरपीमध्ये तुमचंच रक्त घेऊन, त्यातला प्लेटलेटचा भाग वेगळा करून डोक्यात टोचतात. काहींना गुण येतो, काहींना नाही. एका शेजारणीने आधी कसलीही तपासणी न करता सहा वेळांचं पॅकेज घेतलं. नंतर तिचं फेरिटिन तळाला गेलेलं निघालं. लोहाच्या गोळ्यांनी जे झालं असतं त्यासाठी तिने डोक्यात सुया टोचून घेतल्या.

केशरोपण ही शस्त्रक्रिया आहे. मागचे केस पुढे लावतात, नवे तयार करत नाहीत, आणि मागचा साठा मर्यादित असतो. विशीत, गळती चालू असताना ते केलं तर रोवलेले केस राहतात आणि भोवतालचे जातात. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका तरुणाच्या मृत्यूचं प्रकरण आलं, त्याने सलॉनमध्ये केशरोपण करून घेतलं होतं. अपात्र माणसांकडून होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांवर न्यायालयाने चिंता व्यक्त केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि यूट्यूब बघून किंवा कार्यशाळेला बसून मिळालेलं शिक्षण यासाठी पुरेसं नाही असं स्पष्ट लिहिलं.

म्हणून विचारा: शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार? त्यांची पदवी कोणती, नोंदणी क्रमांक काय? भूल दिल्यावर त्रास झाला तर इथे काय सोय आहे? मिळालेला नोंदणी क्रमांक राज्याच्या वैद्यक परिषदेकडे पडताळून पाहा. उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ केली, किंवा "आजच पैसे भरले तर निम्म्यात" असं म्हटलं, तर तिथून उठा.

औषधांच्या १९४५ च्या नियमांत 'जे' नावाची एक अनुसूची आहे. त्यातल्या विकारांवर इलाज करतो असा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही, आणि त्या यादीत टक्कल आहे. मेट्रोच्या खांबावरची 'टक्कल हटवा' ही जाहिरात त्या नियमाशी ताडून बघा.

भाच्याचा बारावा महिना मागच्या वर्षी झाला. कपाळाचे कोपरे भरले नाहीत, पण त्यानंतर ते मागेही सरकलेले नाहीत आणि टाळू झाकली गेली आहे. वाया गेलेलं पहिलं वर्ष मात्र परत मिळालं नाही. तुमची गळती सुरू झाली असेल तर आज बाटली आणू नका. वही उघडा, तारीख लिहा, चार फोटो काढा आणि रुग्णालयाची वेळ घ्या.